पक्षी नव्हे, बशी

साताऱ्यात बंदुकीबद्दल सल्ला मागावा लागत नाही. तो रिक्षात मिळतो, बँकेच्या रांगेत मिळतो, गिरणीत दळण ठेवताना मिळतो. गल्लीत दोन-चार माणसं तरी फौजेतून पेन्शन घेऊन आलेली असतात, आणि पेन्शनबरोबर बंदूक चालवायचं ज्ञानही घेऊन आलेली असतात. ते ज्ञान खर्च करायला बिचाऱ्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. माझे घरमालक निवृत्त सुभेदार, त्यांना मी मिळाले.

मी मूळची सांगलीकडची. आमचं जैन शेतकऱ्याचं घर, ऊस आणि थोडी द्राक्षबाग. नोकरी मात्र साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या तपासणी विभागात. मशिनमधून सुटे भाग बाहेर पडतात, मी ते मापते आणि नापास करते. पास करण्यापेक्षा नापास करण्यात माझा हात जास्त चालतो असं कारखान्यातले लोक म्हणतात. म्हणू देत. लग्न केलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही, जे वाटायचं ते आईला वाटतं.

एका वर्षी कारखान्यानं आम्हाला सहल म्हणून वडूजच्या रस्त्याला एका माळावर नेलं. तिथं नेमबाजीचा क्लब आहे. जमिनीत खड्डा, खड्ड्यात यंत्र. आपण बंदूक घेऊन उभं राहायचं आणि आवाज द्यायचा. पायापुढचा माईक तो आवाज ऐकतो आणि यंत्रातून नारिंगी रंगाची एक चकती भर्रकन हवेत सुटते. ती खाली पडायच्या आत छर्ऱ्याच्या दुनळी बंदुकीनं फोडायची. आमच्या विभागातल्या पुरुषांनी मिशीला पीळ देऊन हवेला भोकं पाडली. मग माझी पाळी आली. मी काय केलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण चकतीचा भुगा झाला आणि वाऱ्यावर उडून गेला. आमच्या घरात काही फोडलं की ओरडा बसायचा. इथं टाळ्या पडल्या. मला ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात मी हे सुभेदारांना सांगितलं, आणि तिथं कोच आहेत, शिकवणी लावावी म्हणते, असंही बोलून गेले. त्यांनी हातातली दुधाची पिशवी कठड्यावर ठेवली.

"आवं ताई, साताऱ्यात राहून बंदूक पैसं देऊन शिकायची? म्हंजी हिरीवर बसून पाण्याची बाटली इकत घेतल्यागत झालं. मी हाय की. मी शिकवतो."

सुभेदार मूळचे औंधकडचे. माणूस सोन्यासारखा, पण एकदा शिकवायला लागला की ऐकणाऱ्याचा पाय हलू देत नाही. त्यांनी गच्चीवर मला झाडूचा दांडा धरायला लावून धडे दिले. डावा डोळा मिटा. दम धरा. हलायचं न्हाई. नेम घ्या. "आणि चाप असा दाबायचा ताई, की चापालाबी कळता कामा नये."

हे सगळं खरं आहे. फौजेत रायफलीनं समोरचं उभं लक्ष्य टिपताना असंच करतात. अडचण एवढीच, की समोरचं लक्ष्य उभं असतं आणि माझी चकती पळत होती. मी डोळा मिटून, दम धरून, नेम घेऊन चाप दाबेपर्यंत ती पलीकडच्या गवतात उतरून विश्रांती घेत असे.

तरी दर रविवारी आम्ही माळावर जायचो. बंदूक क्लबची, क्लबच्याच कपाटात कुलपात राहणारी. सुभेदार माझ्या मागं उभे राहायचे. मी बंदूक खांद्याला लावली की ते न राहवून गरजायचे, "दम धरा!" तो आवाज पायापुढच्या माईकला माझ्या आवाजापेक्षा बरा ऐकू जायचा आणि चकती सुटायची. कधीकधी तर त्यांच्या नुसत्या खोकल्यावर सुटायची. माझ्यापेक्षा जास्त चकत्या त्या काळात सुभेदारांनीच सोडल्या असतील.

का हुकते याची त्यांच्याकडे उत्तरं होती. वारा आडवा आहे. काडतुसं जुनी आहेत. ऊन तोंडावर येतंय. एका रविवारी तर म्हणाले, "ताई, तुमी नाष्टा करून येत न्हाई, त्येचंच हाय समदं." पुढच्या रविवारी मी भरपेट पोहे खाऊन गेले आणि भरल्या पोटी हुकवलं. उजवा खांदा जांभळासारखा झाला होता. माझा स्वभाव तापट. बंदूक जड नसती तर मी ती एखाद्या दिवशी फेकून दिली असती.

त्या तिरमिरीतच मी कोचकडे नाव घातलं. सुभेदारांना सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले, आणि दोन दिवस जिन्यात भेटले की माझ्याकडे न बघता वर विजेच्या मीटरकडे बघत राहिले.

कोच म्हणजे एक बाई निघाल्या, माझ्याहून दहा-एक वर्षांनी लहान. आधी स्पर्धा खेळलेल्या, मग खांदा दुखावला म्हणून शिकवण्याचा रीतसर अभ्यास केलेल्या, आणि आता शिकवणं हाच धंदा. आवाज इतका हळू की माईकनं कधी त्यांचं ऐकलं नाही. मला त्या ताई म्हणायच्या, मी त्यांना मॅडम.

पहिल्या दिवशी त्यांनी मला बंदूकच दिली नाही. मी थोडा वेळ वाट बघितली आणि मग विचारलं, माझ्या नेहमीच्या सुरात, की आज नुसत्या गप्पाच का.

"ताई, दोन्ही पंजे जुळवून मध्ये एक छोटं भोक करा," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून तो कडुलिंब बघा. आता भोक न हलवता हात तोंडाकडे आणा."

हात सरळ माझ्या डाव्या डोळ्यावर येऊन टेकले.

"बघा. तुम्ही मारता उजव्या खांद्यावरून आणि तुमचा मुख्य डोळा डावा. बंदूक जाते एकीकडे, नजर दुसरीकडे."

"पण मी डावा डोळा मिटते की."

"मिटता, पण ऐन वेळी तो उघडतो. मी मागचे तीन रविवार बघतेय. आणि हवेत पळणाऱ्या वस्तूचं अंतर एका डोळ्यानं नीट कळतही नाही. मिटू नकाच."

त्यांनी माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर दुधी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला, बरोबर बुबुळासमोर. दोन्ही डोळे उघडे, पण नळीवर मुख्य डोळा म्हणून काम करायला उजवाच मोकळा. इतके रविवार ज्याच्यासाठी मी वारा, ऊन, काडतुसं आणि पोहे यांना बोल लावला, ते एवढ्याशा चिकटपट्टीत निघालं. मला हसावं की रडावं कळेना. तीन रविवार आधीच का नाही सांगितलंत, असं मी फणकाऱ्यानं विचारलंसुद्धा. "तुम्ही विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी बागेला पाणी घालायचा रबरी पाईप आणला. पाणी चालू करून माझ्या हातात दिला आणि स्वतः माळावरून तिरक्या पळत सुटल्या. "भिजवा मला!" मी पाईप त्यांच्या मागून नेला, त्यांना गाठलं, थोडा पुढं काढला, आणि पाणी त्यांच्या पाठीवर बसलं. मग मला कौतुक वाटून मी पाईप थांबवला. लगेच पाणी त्यांच्या मागं मातीत पडायला लागलं.

"झालं तुमचं," त्या चिंब अंगानं परत येत म्हणाल्या. "फिरवता फिरवता थांबलात की मागं पडतं. बंदुकीचंही तेच. चकती फुटली तरी बंदूक चालतीच ठेवायची. आणि नेम धरायचा नाही. नुसतं चकतीकडे बघायचं, हात येतात मागून."

नेम धरायचा नाही! मी हे सुभेदारांना सांगितलं तेव्हा ते जिन्यातल्या पायरीवर बसले.

मॅडमची शिकवण्याची पद्धत मला मानवली ती एका कारणानं. त्या एका वेळी एकच गोष्ट सांगत. आज फक्त पाय, आज फक्त बंदुकीचा दस्ता गालाशी कसा येतो ते. बाकी सगळं चुकलं तरी त्या दिवशी त्याबद्दल चकार शब्द नाही. हुकली की "असू दे, होतं असं" म्हणायच्या नाहीत, फुटली की "वा वा" म्हणायच्या नाहीत. का हुकली आणि का फुटली तेवढं सांगायच्या. आयुष्यभर मी दुसऱ्यांचा माल नापास करत आले, पण नापास का ते नेमकं सांगून मला नापास करणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. अशा माणसापुढं माझा राग टिकत नाही.

सुभेदारही फार दिवस रुसले नाहीत. ते परत यायला लागले, मागं खुर्ची टाकून बसायला लागले. मॅडमनी त्यांना रिकामी काडतुसं गोळा करायचं काम दिलं, आणि मी मारत असताना तोंडात लवंग धरायची अट घातली. लवंगेनं बराच फरक पडला.

आता इथल्या भाषेविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. या खेळात चकतीला पक्षी म्हणतात. पूर्वी म्हणे खरी कबुतरं सोडायचे. ती सुटली बिचारी, पण नाव राहिलं. चकती फुटली की पक्षी मेला, हुकली की पक्षी गेला. क्लबवर सगळे असंच बोलायचे, सुभेदारही, मीही. त्यात काही आहे असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी गावी गेले होते. दिवस मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो होतो, आई आणि मी. फोन वाजला. माझा हात ताटात, म्हणून डाव्या हातानं फोन स्पीकरवर टाकला. सुभेदारांचा आवाज स्वयंपाकघरभर घुमला.

"ताई, अभिनंदन! कोच म्याडम सांगत हुत्या, काल एका दमात धा पक्षी आडवं केलं म्हणं! एकबी जित्ता गेला न्हाई! लय भारी!"

आईचा भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

माझी आई कशी आहे ते सांगते. नळाला फडकं बांधल्याशिवाय ती पाणी भरत नाही. ओट्यावर मुंग्या आल्या तर पुसत नाही, चिमूटभर साखर खिडकीत ठेवून त्या तिकडे जाईपर्यंत थांबते. आमच्या द्राक्षबागेवर पाखरांसाठी जाळी असते, पण कडेची एक वेल आई दरवर्षी जाळीबाहेर ठेवायला लावते. "त्येंनी कुटं जायाचं?" एवढंच म्हणते. अशा बाईच्या पोटची मुलगी काल दहा पक्षी आडवे करून आज तिच्या हातची भाकरी खात होती.

"धा पक्षी?" आई म्हणाली.

"अगं, पक्षी नसतात ते. मातीचे असतात."

"मातीचं पक्षी?"

"पक्षी नाहीच. चकती असते गोल. पक्षी नुसतं नाव."

"मग चकती म्हना की. पक्षी का म्हन्ता?"

यावर आईकडे एक गोष्ट होती. ती गोष्ट मी लहानपणापासून प्रवचनात ऐकत आले आहे. एका राजाला देवीपुढं कोंबडा बळी द्यायला सांगतात. त्याला जीव मारायचा नसतो, म्हणून तो पिठाचा कोंबडा करून कापतो. आणि तेवढ्यासाठी तो जन्मामागून जन्म फिरतो.

"पीठच हुतं की त्ये," आई म्हणाली. "पाप पिठाला न्हाई लागलं. मनात कोंबडा हुता, म्हनून लागलं."

त्या गोष्टीत राजाला भरीला घालणारी त्याची आईच होती, हे मी तिला सांगणार होते. पण ती ताटावरून उठली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बस्तीत गेली. देवळाला आमच्याकडे बस्ती म्हणतात. तिथं भगवंतासमोर उभी राहून तिनं नियम घेतला: "पोरगी पक्षी मारायची थांबंपातूर च्या न्हाई."

आता तुम्ही म्हणाल, चहाच तर सोडला. पण आईनं तूप सोडलं असतं, गोड सोडलं असतं, तर मला एवढं लागलं नसतं. चहा हे तिचं एकच व्यसन. कप तिच्या लेखी चहा आणण्यापुरता, पिणं बशीतच. दोन्ही तळहातांवर बशी धरायची, वर फुंकर घालायची आणि डोळे मिटून फुर्र करून ओढायची. सकाळी बस्तीतून आली की एकदा आणि दुपारी एकदा. तेवढा वेळ घरात कुणी तिच्याशी बोलायचं नाही. आणि आमच्याकडे नियम म्हणजे नियम. तो मोडायचा नसतो, पुरा व्हायचा असतो.

मला तिचा भयंकर राग आला. बॅग भरली आणि बस धरली. कराडपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडले, आणि कराडच्या पुढं मला रडू आलं. ती बशी ओट्यावर पालथी घातलेली मी निघताना बघितली होती.

फोनवर ती कुरकुर करायची नाही, हे आणखी वाईट. डोकं दुखतंय का विचारलं तर म्हणायची, "दुकतंय. उतरंल." सुभेदारांना हे कळलं तेव्हा त्यांना फार लागलं. "माज्या जिभंला हाड न्हाई," ते म्हणाले, आणि माझी आई, त्यांच्या भाषेत आक्का, चहा घेत नाही तोवर आपणही घेणार नाही असं जाहीर केलं. संध्याकाळी मी त्यांना कोपऱ्यावरच्या टपरीवर बघितलं. मी पलीकडच्या बाजूनं निघून गेले. इच्छा खरी होती.

माळावर माझं सगळं बिघडलं. उन्हाळ्यात तिथंच नेमबाजीच्या विभागीय संघाची निवड चाचणी होती आणि मला एकदा तरी त्यात उभं राहायचं होतं. निवड होईल असं नाही, पण चाळिशीत पहिल्यांदा काहीतरी मला नुसतं आवडलं म्हणून जमायला लागलं होतं. आणि आता दहातल्या दोनसुद्धा फुटत नव्हत्या. बंदूक नीट यायची, चकतीला गाठायची, आणि काहीतरी व्हायचं. एका रविवारी मी बंदूक उघडून टेबलावर ठेवली आणि मॅडमना सांगितलं की मी हे सोडतेय.

"सोडा," त्या म्हणाल्या. "पण का चुकतंय ते कळल्यावर सोडा."

त्यांनी मोबाईलवर माझं चित्रण घेतलं होतं. हळू करून दाखवलं. नळी चकतीच्या मागून सुरेख येते, तिला गाठते, आणि छर्रे सुटायच्या निमिषभर आधी जागच्या जागी उभी राहते. प्रत्येक वेळी. पाईप थांबवल्यासारखी.

"हे पूर्वी नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "इथं, या जागी, मनात काय येतं तुमच्या?"

"पिठाचा कोंबडा," मी म्हणाले.

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि मला सगळं सांगायला लावलं. राजा, आई, बस्ती, चहा, सगळं. सुभेदार तोंडातली लवंग चावायची विसरून ऐकत होते.

"तुमच्या आईचं बरोबर आहे," शेवटी मॅडम म्हणाल्या. "मनात जे असतं तेच हात करतात, हे मी पण रोज शिकवते. तुमच्या मनात पक्षी आहे, म्हणून हात थांबतो. चांगला हात आहे, त्याला काय बोलायचं?" मग त्यांनी खोक्यातून एक चकती काढून माझ्या हातात दिली. "हे काय आहे? पहिल्यांदा बघताय असं समजून सांगा."

मी ती उलटी केली. खोलगट, मध्ये गोल, कड उचललेली.

"बशी," मी म्हणाले.

"बशी फोडताना हात थांबतो?"

"लहानपणी फोडल्यात की. हात नाही थांबत, नंतर पाठ शेकते."

त्या दिवसापासून माझ्यापुरती ती बशी झाली. मॅडमनी नियमच केला: ताईंसमोर दुसरं नाव घ्यायचं नाही. सुभेदारांचं पहिले काही दिवस "पक्... बशी, बशी!" असं व्हायचं. एका रात्रीत काही जादू झाली नाही. पण बशी म्हटलं की मला आमच्या स्वयंपाकघरातली फरशी आणि आईचा ओरडा आठवायचा, कोंबडा आठवायचा नाही. हळूहळू नळी चालती राहू लागली.

आईला फोनवर मोठ्या उत्साहानं हे सांगितलं.

"नाव बदललं म्हनून बदलतं व्हय गं सगळं?" ती म्हणाली. "मी यिऊन बघनार. बघितल्याबिगार न्हाई."

आणि चाचणीच्या आदल्या संध्याकाळी ती खरंच एसटीतून साताऱ्याला उतरली. एका पिशवीत दशम्या, दुसरीत पाणी गाळायचं फडकं.

सकाळी सुभेदारांनी तिला गाडीतून माळावर आणलं. "आवं आक्का, हितं सावलीत बसा," करत तिला खुर्ची दिली, आवाज लागू नये म्हणून पदरावरून कानाला मोठे कर्णबंद लावले. आई त्यात एखाद्या विमानचालकासारखी दिसत होती. बसायच्या आधी तिनं जमिनीवरचा एक फुटका तुकडा उचलला, नखानं खरवडला, वास घेतला.

"डांबरागत वास येतोय," ती म्हणाली, आणि तुकडा कमरेच्या पिशवीत टाकला.

माझं बरं चाललं होतं. बरं म्हणजे माझ्या मानानं फार बरं. मॅडम लांब उभ्या होत्या. चाचणीत कोचनं बोलायचं नसतं, आणि त्यांना ते जड जात नव्हतं. मागं आई आहे हे मी विसरायचा प्रयत्न करत होते. फुटत होत्या, एखादी जात होती, पुन्हा फुटत होत्या. माळावर कुठंतरी एक टिटवी मधूनमधून ओरडत होती. शेवटच्या फेरीत, निवडीची आशा धरावी इतपत आकडा जवळ आला असताना, मी बंदूक खांद्याला लावली आणि आवाज दिला, "सोड!"

बशी सुटली, आणि तिच्या वाटेतच वाळल्या गवतातून टिटवी उठली. टिवटिव करत बशीच्या पुढ्यात आडवी आली. माझी नळी बशीमागं अगदी बरोबर चालली होती, बोट चापावर होतं. मी गाल वर घेतला, बोट बाहेर काढलं, नळी खाली केली. बशी आपल्या आपण जाऊन गवतात पडली. टिटवी ओरडत एक घिरटी घालून पुन्हा तिथंच उतरली.

पंचांनी हात वर करून ती बशी पुन्हा द्यायला सांगितली. टिटवी बसली होती तो भाग सोडून पुढच्या ठाण्यावरून, म्हणजे उभं राहायच्या पुढच्या जागेवरून, फेरी चालू करायलाही सांगितलं. पण माझी नजर बशीवरून सुटून सारखी त्या गवताकडे जात होती. पुन्हा मिळालेली बशी हुकली, त्याच्या पुढचीही हुकली. निवड काही झाली नाही. मॅडमनी लांबून माझ्याकडे बघून एकदा मान हलवली. मी थांबले होते, पण या वेळी मी ठरवून थांबले होते, आणि मनात असतं तेच हात करतात, हे त्यांनीच शिकवलं होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या दोन बश्या मला अजून दिसतात.

मी बंदूक जमा करून मागं आले. आईनं कर्णबंद काढून मांडीवर ठेवले होते.

"अंडी आसतील तिची गवतात," ती म्हणाली. "उगंच न्हाई वरडत."

"असतील," मी म्हणाले आणि तिच्या शेजारी खाली बसले.

मग ती सुभेदारांकडे वळली.

"हितं च्या मिळतो का वो?"

सुभेदार खुर्चीवरून निम्मे उठले आणि माझ्याकडे बघायला लागले.

"आई, नियम?" मी म्हणाले.

"नियम काय हुता? पोरगी पक्षी मारायची थांबंपातूर. थांबलीस की. म्या माज्या डोळ्यांनी बघितलं."

"अगं, पण मी आधीही पक्षी मारत..."

"गप. थांबलीस का न्हाई?"

"थांबले."

"मग झालं तर."

सुभेदार पळत गेले. क्लबच्या टपरीवरून कागदी कपात चहा आला, वाफाळता, काठोकाठ. आईनं तो पदरात धरला, नाकाजवळ नेऊन वास घेतला. तिचे डोळे भरले होते, माझेही. मग सवयीनं तिचा दुसरा हात पुढं झाला आणि तसाच राहिला. तिनं टेबलावर बघितलं, खुर्चीखाली बघितलं, आणि शेवटी समोर माळभर पसरलेल्या नारिंगी तुकड्यांकडे बघितलं.

"समद्या बश्या फोडून ठेवल्यास व्हय गं?" ती म्हणाली. "आता मी च्या कशात पिऊ?"